पोटरीत गोळा येतो तेव्हा: नव्याने धावायला लागलेल्यांसाठी

भरतीच्या सोळाशे मीटर धावण्यात शेवटचे दीडशे मीटर राहिले होते, तेव्हा माझी उजवी पोटरी धरली. पाऊल टेकवलं की आतून कुणीतरी मूठ आवळत होतं. लंगडत रेषेपर्यंत गेलो, पण वेळ निघून गेली होती. त्या पाच-सहा मिनिटांसाठी मी आठ महिने पहाटे साडेचारला उठलो होतो. ज्या अकॅडमीत जात होतो तिथे आम्हाला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या होत्या. धावायच्या दिवशी पाणी पिऊ नका, पोट जड होतं. आणि गोळा आला तर जोर लावून चोळा. दोन्हींनी माझं नुकसान केलं, हे मला फार उशिरा कळलं.

मी डॉक्टर नाही. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून पुढे बेळगावात आलो, नोकरीला लागलो, पण धावणं सोडलं नाही. आता सकाळी ग्राउंडवर भरतीची तयारी करणारी पोरं भेटतात आणि दर आठवड्याला त्यांच्यातला एखादा तरी पोटरी धरून खाली बसतो. त्या प्रत्येकाला जे तोंडी सांगतो ते इथे लिहून काढलंय. भरतीवाल्यांसाठी आहेच, पण व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर नव्याने चालायला लागलेल्यांना, रविवारी राजहंसगड चढणाऱ्यांना, जांबोटी रस्त्याला सायकल काढणाऱ्यांना आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला पायी जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

सुरुवातीला एवढं सामान जमवा:

- एक लांब सुती पंचा किंवा टॉवेल (गोळा सोडवायला याच्याइतकी कामाची वस्तू नाही)
- एक लिटरची खूण असलेली पाण्याची बाटली
- ओआरएसची (पाण्यात कालवून प्यायच्या मीठ-साखरेच्या पुडीची) दोन पाकिटं, किंवा घरचं मीठ, साखर आणि लिंबू
- सेकंद दाखवणारं घड्याळ
- एक छोटी वही

वजनकाटा घरात नसला तरी चालेल. गावात सोसायटीत किंवा पिठाच्या गिरणीत असतो, महिन्यातून दोन वेळा तेवढा लागेल. महागडे बूट, पोटरीला घालायच्या घट्ट बाह्या, थंडगार फवारे यांतलं काहीही पहिल्या दिवशी घ्यायची गरज नाही.

१. गोळा कशाने येतो, ते आधी समजून घ्या

ग्राउंडवर कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: "अंगातलं पाणी कमी झालं, मीठ कमी झालं." या समजुतीला जुना आधार आहे. १९२०च्या दशकात ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणीत उष्म्यात राबणाऱ्या मजुरांना पेटके यायचे आणि नुसत्या पाण्याऐवजी मीठ घातलेलं पाणी दिल्यावर ते कमी व्हायचे, अशी निरीक्षणं तेव्हा नोंदवली गेली. आठ-दहा तास घाम गाळणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते आजही खरं आहे.

पण सोळाशे मीटर धावायला सहा मिनिटंही लागत नाहीत. सहा मिनिटांत असा किती घाम जाणार? तरी गोळा येतो, आणि तोही बहुतेक वेळा शेवटच्या राउंडला. १९९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी वेगळा विचार मांडला आणि पुढच्या अभ्यासांतून त्याला बराच आधार मिळाला. स्नायू दमला की त्याला आवळायला सांगणारे मज्जातंतूंचे संदेश वाढतात आणि सैल सोडायला सांगणारे संदेश कमी पडतात. या दोन संदेशांचा तोल गेला की स्नायू आवळतो आणि सुटायचं विसरतो. लांब शर्यतीत धावणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा गोळा आलेल्या आणि न आलेल्या लोकांच्या क्षारांत किंवा पाण्यात म्हणावा तसा फरक दिसला नाही. फरक होता तो सवयीपेक्षा जास्त वेगाने धावण्यात, आधीच दुखावलेल्या स्नायूत, आणि पूर्वी कधी गोळा आलेला असण्यात.

यावरून मी पोरांना एकच सांगतो. तुमच्या पोटरीची जेवढ्या कामाची तयारी आहे त्याहून जास्त काम तुम्ही तिच्याकडून मागितलं, म्हणून ती धरली. पाणी आणि मीठ सांभाळायचं आहेच, पण नुसत्या पाण्यामिठावर गोळा टळत नाही.

पोटरी, मांडीची मागची बाजू आणि मांडीची पुढची बाजू, इथेच गोळे जास्त येतात. या तिन्ही ठिकाणचे मोठे स्नायू दोन-दोन सांध्यांवरून जातात. पोटरीचा स्नायू गुडघ्याच्या वर सुरू होतो आणि टाचेला येऊन मिळतो. आखडलेल्या अवस्थेत त्याला पुन्हा आवळायला लावलं की तो अडकतो. झोपेत पाऊल ताणून आळस देताना गोळा येतो तोही असाच.

२. गोळा आला: पहिलं एक मिनिट

हा भाग नीट वाचा. जमलं तर आज रात्री घरात बसून एकदा करूनही बघा, म्हणजे वेळ आली की हात आपोआप चालतील.

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. एक पोरगा तिसऱ्या राउंडला कडेला कोसळला. त्याची पोटरी कातडीखाली लाकडाच्या गाठीसारखी वर आली होती आणि मधूनच फडफडत होती. अंगठा खाली वळलेला, पाऊल ताठ. "दादा, लई दुखायलंय, सोडा की," म्हणून ओरडत होता, कारण तिघे मित्र जमले होते. एक पाय झटकत होता, दुसरा पोटरीवर बुक्क्या मारत होता, तिसरा तोंडावर पाणी शिंपडत होता. मी तिघांना बाजूला केलं. त्याचा गुडघा हाताने हळूच खाली दाबून पाय सरळ केला. टाच माझ्या तळहातात घेतली आणि त्याचं पाऊल माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूने त्याच्याच नडगीकडे रेटत नेलं. झटका न देता, हळूहळू. पंधराएक सेकंद काहीच झालं नाही. मग हाताला जाणवलं, गाठ आतून विरघळत गेली. पोरगा ओरडायचा थांबला. मी आणखी अर्धा मिनिट तसाच धरून ठेवला.

हे का चालतं, तर स्नायू ताणला की त्याच्या हाडाला जोडणाऱ्या टोकाशी असलेले छोटे संवेदक मणक्याकडे "आता सैल सोड" असा निरोप पाठवतात. झटका दिला तर उलट होतं, घाबरलेला स्नायू आणखी आवळतो. म्हणून ताण द्यायचा तो सावकाश, आणि धरून ठेवायचा.

*पोटरीत गोळा आला तर.* थांबा. बसा. गुडघा सरळ ठेवा, हे विसरू नका. गुडघा वाकलेला राहिला तर पोटरीचा मोठा स्नायू ताणलाच जात नाही. पंचा पावलाच्या पुढच्या भागाला, बोटांच्या मुळाशी अडकवा आणि दोन्ही टोकं स्वतःकडे ओढा. वीस ते तीस सेकंद. सैल सोडा, पुन्हा ओढा. पंचा नसेल तर भिंत किंवा झाड गाठा, दुखरा पाय मागे, टाच जमिनीला टेकलेली, आणि अंग पुढे झुकवा.

*मांडीच्या मागे आला तर.* उताणे झोपा, पाय सरळ ठेवून वर उचला, पंचा पावलात अडकवून हळू स्वतःकडे आणा. ताण जाणवला की तिथेच थांबा.

*मांडीच्या पुढे आला तर.* कशाला तरी धरून उभे राहा, गुडघा वाकवा, मागून घोटा हातात धरून टाच कुल्ल्याकडे न्या. गुडघे एकमेकांजवळ ठेवा, नाहीतर ताण भलतीकडे जातो.

*तळव्यात आला तर.* बूट काढा आणि बोटं वरच्या दिशेला वळवा. फार घट्ट आवळलेल्या नाडीनेही तळव्यात गोळा येतो, त्यामुळे पुन्हा बूट घालताना नाडी सैल बांधा.

चोळायचं का? गोळा सुटल्यावर हलक्या हाताने चोळा, बरं वाटतं. गोळा आवळलेला असताना बोटं रुतवून, अंगठ्याने दाबून चोळलं तर आतले तंतू दुखावतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. तेल लावून रगडणारे मित्र प्रेमानेच रगडतात, पण त्यांना थांबवा.

लोणच्याचं पाणी प्यायल्याने गोळा सुटतो, असं मोबाइलवर पाहून पोरं विचारतात. यात तथ्य आहे. २०१०च्या एका प्रयोगात पायाच्या स्नायूत विजेच्या सौम्य झटक्याने पेटका आणला आणि काकडीच्या खारवलेल्या लोणच्याचं पाणी पाजलं. दीड मिनिटाच्या आत पेटका सुटला, नुसतं पाणी पिणाऱ्यांपेक्षा लवकर. एवढ्या वेळात मीठ पोटातून रक्तात पोचत नाही. तेव्हा घशाला झोंबणाऱ्या आंबट-खारट चवीनेच मज्जातंतूंना काहीतरी निरोप जात असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. पण ते लोणचं म्हणजे व्हिनेगर आणि मिठाचं पाणी. आपल्या तेला-मसाल्याच्या कैरीच्या लोणच्यावर तो प्रयोग झालेला नाही. घरी बरणीत खारवलेल्या कैऱ्या असतील तर त्या खाराचे दोन-चार घोट घेऊन बघायला हरकत नाही, बीपीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र नको. ताण देण्याचं काम त्याने चुकत नाही.

३. गोळा सुटला, पुढचा अर्धा तास

लगेच धावू नका. एकदा आवळलेला स्नायू बराच वेळ कच्चा असतो, थोड्या जोराने पुन्हा धरतो. पाच-दहा मिनिटं सावकाश चाला, मधे दोनदा ताण द्या, घोट घोट पाणी प्या. त्या दिवशीचा सराव तिथेच संपवा. "फक्त एक राउंड" म्हणून पुन्हा उठलेला पोरगा दुसऱ्यांदा बसतो तेव्हा स्नायू फाटण्याची भीती असते, आणि मग तीन-चार आठवडे जातात. घरी गेल्यावर कोमट पाण्याचा शेक घ्या. दुसऱ्या दिवशी पोटरी ठणकत असेल तर चालणं पुरे.

आणि वहीत लिहा: कोणता पाय, कितव्या मिनिटाला, त्या आधीच्या दोन दिवसांत काय काम केलं, रात्री झोप किती, काय खाल्लं. चार नोंदी झाल्या की तुमचं कारण तुम्हालाच दिसायला लागतं.

४. वेग: सोळाशेवाल्यांची सगळ्यात मोठी चूक

हिशेब सोपा आहे. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारायचं तर चारशेचा एक राउंड ८२-८३ सेकंदांत पडायला हवा. मी घड्याळ लावून बघतो, तर नव्या पोरांचा पहिला राउंड ६८, ७० असा येतो. सगळे पळतायत म्हणून हाही पळतो. तिसऱ्या राउंडला ९० आणि चौथ्याला पोटरी धरते. माझंही हेच झालं होतं. पाण्यावर आणि नशिबावर खापर फोडून मी कितीतरी वर्षं काढली.

तेव्हा ८३ सेकंदांचा राउंड पायात बसवा. आठवड्यातून एकदा चारशे मीटर ८३ सेकंदांत, मग दोन मिनिटं चालणं, पुन्हा चारशे. असे चार. जमलं की पुढच्या आठवड्यात पाच. पहिला राउंड ७५ च्या खाली आला तर तो चुकला असं समजायचं, छान झाला असं नाही. आणि भरतीत ज्या वेगाने धावायचंय त्या वेगाचा सराव आधी पायांना हवाच. रोज संथ पाच किलोमीटर धावून भरतीच्या दिवशी एकदम जोर लावला तर स्नायूसाठी ते नवंच काम असतं.

अंतर वाढवताना घाई नको. या आठवड्यात एकूण वीस किलोमीटर झाले तर पुढच्या आठवड्यात बावीस-तेवीस.

इथे आपल्या भागातली एक गोष्ट सांगायलाच हवी. शेतातलं कामही पायांवरचं ओझं आहे. रोप लावणीच्या दिवसांत खानापूरकडची पोरं दिवसभर चिखलात वाकून उभी असतात, चिखलातून पाय उपसून काढताना पोटरीला किती काम पडतं ते करणाऱ्यालाच माहीत. निपाणी-चिक्कोडीकडे ऊसतोडीचे दिवस असतात. त्या संध्याकाळी पुन्हा जोराचा सराव केला की रात्री अंथरुणात गोळा येणारच. त्या आठवड्यांत जोराचा सराव एकदाच ठेवा, बाकीचे दिवस हलकं. तुम्ही आळशी झालात असं कुणी म्हटलं तर म्हणू दे.

५. पाणी, मीठ आणि खाणं

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे. जुनी माणसं याला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. हिवाळ्यात पहाटेच्या गारव्यात तहान लागत नाही आणि घाम वाऱ्याने सुकून जातो, म्हणून पोरं आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत. तिकडे अथणी-रायबाग भागात एप्रिल-मेमध्ये गोष्ट वेगळी. गार भागातून उन्हाच्या भागात धावायला जायचं असेल तर शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. शक्य असेल तर आधीचे दहा दिवस रोज थोडा वेळ जरा उन्हं वर आल्यावर धावा, भर दुपारी नको.

किती पाणी प्यायचं? एकदा मोजा. धावायच्या आधी लघवी करून वजन करा, धावून आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. साठ किलोच्या माणसाचं सव्वा किलोच्या वर वजन उतरत असेल तर पाणी कमी पडतंय. वजन उलट वाढलेलं असेल तर गरजेपेक्षा जास्त प्यायलात. तेही धोक्याचं आहे. नुसतं पाणी बदाबदा पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम (मिठातला मुख्य क्षार) पातळ होतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस बेशुद्धही पडू शकतो. लांबच्या पायी वारीत हे लक्षात ठेवा. लघवी फिक्या पिवळ्या रंगाची होत असेल तर तुमचं पाणी बरोबर आहे.

तासाभराच्या आतल्या व्यायामाला साधं पाणी आणि घरचं जेवण पुरतं. त्याहून लांब किंवा फार घामाचं काम असेल तर मीठ लागतं. एक लिटर घामातून साधारण अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम जातं, पोटॅशियम त्याच्या मानाने फार थोडं. म्हणूनच धावण्याआधी घाईने दोन केळी खाऊन गोळा थांबत नाही. केळं खा, चांगलंच आहे, ताकद येते. पण केळ्यातलं पोटॅशियम रक्तात पोचायलाच अर्धा तास आणि वर वेळ लागतो.

ओआरएस घेताना दोन खबरदाऱ्या. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का बघा. दुकानात तशाच दिसणाऱ्या गोड पेयांच्या खोक्यांत साखर फार आणि मीठ नावाला असतं. आणि २०.५ ग्रॅमचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. पोरं ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात, मग मळमळतं आणि जुलाब होतात. लहान पाकिटं २०० मिलीची येतात, त्यावरचं प्रमाण वाचा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळा. बाटलीत नुसतं चिमूट चिमूट अंदाजाने टाकू नका.

खरं सांगायचं तर रोजच्यासाठी घरातलंच उत्तम आहे. मीठ-जिरं घातलेलं ताक, नाचणीची आंबील, मीठ घातलेलं कोकम. आपल्याकडे रताळी भरपूर पिकतात. आदल्या रात्री दोन उकडलेली रताळी, भाकरी आणि आमटी खाल्ली की सकाळी पायात बळ असतं. रिकाम्या पोटी, रिकाम्या स्नायूंनी धावणारा लवकर दमतो आणि दमलेलाच स्नायू धरतो.

मिठाच्या गोळ्या नुसत्या गिळू नका, पोट बिघडतं. मॅग्नेशियमच्या गोळ्यांवर पैसे घालवण्याआधी एवढं ऐका: उतारवयातल्या पेटक्यांवर त्यांचा म्हणण्यासारखा फायदा झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि व्यायामात येणाऱ्या पेटक्यांवर तर त्यांच्या नीट चाचण्याच झालेल्या नाहीत. कुनैनची गोळी कुणी सुचवली तर साफ नाही म्हणा. तिने हृदयाचे ठोके आणि रक्तातल्या पेशी बिघडू शकतात.

६. पोटऱ्या बळकट करा

जिन्याच्या किंवा कट्ट्याच्या कडेवर पावलाचा पुढचा भाग टेकवा, टाचा हवेत. भिंतीला हात लावून टाचा वर उचला, मग तीन अंक मोजत सावकाश कडेच्या खाली जाऊ द्या. खाली उतरतानाचा भाग महत्त्वाचा, घाई तिथेच होते. दहा वेळा, मिनिटभर थांबून पुन्हा दहा. मग गुडघे थोडे वाकवून दहा वेळा, कारण पोटरीच्या आतला दुसरा स्नायू तेव्हा कामाला लागतो. एक दिवसाआड करा. महिन्याभराने एका पायावर. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या दुखतील, तेवढं चालतं.

धावण्याआधी आठ-दहा मिनिटं अंग गरम करा: भरभर चालणं, हळू धावणं, गुडघे उचलून, टाचा मागे मारून, शेवटी साठ-सत्तर मीटरचे दोन-तीन जोराचे तुकडे. थंड अंगाने एका जागी उभं राहून पाय ताणत बसण्याचा फारसा उपयोग होत नाही. ते धावून झाल्यावर करा. ज्यांना रात्री गोळे येतात त्यांनी झोपण्याआधी भिंतीला हात लावून पोटरीला तीन वेळा ताण द्यावा. माझ्या आईला याचा फार गुण आला.

७. भरतीच्या दिवसाचे सापळे

रात्रीच्या गाडीने जायचं, पहाटे दोनपासून रांगेत थंडीत उकिडवं बसायचं, लघवीला जागा नाही म्हणून पाणी प्यायचं नाही, आणि सहा तासांनी अचानक "पळा". गोळा यायला याहून वेगळं काय लागतं?

जमेल तर आदल्या दुपारीच पोचा आणि झोपा. शेवटचे दोन दिवस जोराचा सराव बंद. रांगेत बसताना अंगावर जाड कपडा असू द्या, दर पंधरा-वीस मिनिटांनी उभं राहून टाचा वर-खाली करा, पाऊल फिरवा. धावण्याच्या दोन तास आधी हलकं खा: केळं, गूळ-शेंगदाणे, चुरमुरे. पाणी घोट घोट, एकदम बाटलीभर नाही. तुमची तुकडी आत सोडण्याआधी जेवढी जागा मिळेल तेवढ्यात जागच्या जागी पाय हलवत राहा.

नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. दुखायचं थांबावं म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेऊ नका, घाम गेलेल्या अंगात तिचा मूत्रपिंडांवर भार पडतो. बाहेर कुणी "दम वाढवायचं" इंजेक्शन किंवा पूड देऊ केली तर तिथून उठून जा.

८. विहिरीत किंवा नदीत गोळा आला तर

पोहायला जाणाऱ्यांसाठी हे चार शब्द. मलप्रभेत असो की शेतातल्या विहिरीत, गोळा आला की हातपाय मारू नका, उताणे व्हा आणि तरंगा. मोठा श्वास घेऊन धरा, पाऊल नडगीकडे ओढा, हातांनी हळूहळू कडेला या. हाक लवकर मारा. एकट्याने पोहायला जाऊच नका, दमून-भागून आल्यावर तर मुळीच नाही.

९. हा साधा गोळा नाही, हे कसं ओळखायचं

ताण दिल्यावर काही मिनिटांत सुटतो तो साधा गोळा. पुढचं काही दिसलं तर ताण देत बसू नका.

उन्हात धावताना कुणी असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत वारा घाला. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. सगळ्या अंगाचे स्नायू दुखतायत, हातपाय गळून गेलेत आणि लघवी चहाच्या अर्कासारखी काळपट झाली, तर स्नायू तुटून त्यातला माल रक्तात उतरतोय. त्याच दिवशी दवाखाना गाठा, उद्यावर ढकलू नका. एकच पोटरी सुजली, गरम आणि लाल झाली, दुखणं बसल्यावरही राहिलं, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती पोटरी चोळायचीच नाही.

चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी वेगळं सांगतो, विशेषतः तंबाखू, विडी किंवा सिगारेट ज्यांची चालू आहे त्यांना. ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळते, दोन मिनिटं थांबलं की मोकळी होते, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा आवळते, असं होत असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची शंका घ्यायला हवी. याला वय झालं म्हणून सोडून देणारे कितीतरी जण मी पाहिलेत.

बीपीसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, दम्याचा पंप यांनीही पेटके येऊ शकतात. मधुमेह, थायरॉइडचा त्रास आणि गरोदरपण यांतही येतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, साखरेचे आणि बीपीचे जुने कागद, आणि ती वही सोबत न्या. "पाय दुखतो" एवढंच सांगितलं तर वेदनाशामक गोळी हातात पडते. कितव्या मिनिटाला, कोणत्या पायात, कशाने सुटला हे वहीतून वाचून दाखवलं की डॉक्टरही नेमकं तपासतात.